तोळाभर शिसें आणि दोन गुंजा दारू

पिस्तूल हा शब्द वाचतांच आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक तर चोर उभा राहील, नाहीं तर पोलीस. आमचीहि स्थिति परवांपर्यंत तशीच होती. पस्तीस वर्षें आम्हीं मुलांना संस्कृत व मराठी व्याकरण शिकविलें. शस्त्रास्त्रांशीं आमचा परिचय काय तो महाभारताच्या पानांतला. परंतु गेल्या हिवाळ्यापूर्वीं अमेरिकेंतील आमच्या थोरल्या भगिनीचा फोन आला आणि ती सांगूं लागली, "अरे, देवघराच्या भिंतीपलीकडे बसून हा काडतुसांत दारू भरतो. दोन लहान मुलें घरांत. माझें कांहीं ऐकत नाहीं. तूं एकदां येऊन त्याला सांग. मामाचा शब्द तो मोडणार नाहीं."

ताईचे यजमान निवर्तल्यापासून ती मुलाकडे, अॅरिझोना संस्थानांत फिनिक्स शहराजवळ राहते. भाचा चाळिशीचा, संगणकाच्या धंद्यांतला, स्वभावानें मवाळ. त्यानें हें कसलें खूळ घेतलें, या विचारांत आम्ही विमानांत बसलों. उपदेशाचा मजकूर मनांत जुळवून ठेविला होता. त्यांत दोन सुभाषितेंहि होतीं. तेथें पोंचल्यावर दुसऱ्याच दिवशीं आम्हीं विषय काढला. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाला, "मामा, आधीं पाहा, मग रागवा." हें म्हणणें न्यायाचें होतें. पोथी न वाचतां मुलाला नापास करणें आम्हांसहि कधीं रुचलें नाहीं. म्हणून पुढले दोन महिने आम्हीं जें पाहिलें व विचारून समजून घेतलें, तें येथें देत आहों.

या खेळास इंग्रजींत प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. आपल्याकडे नेमबाजी म्हटली म्हणजे ऑलिंपिकची नेमबाजी आठवते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं आशियाई क्रीडास्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें रायफलीचें कांस्यपदक आणलें. त्या खेळांत नेमबाज एका जागीं उभा असतो आणि लक्ष्यहि एका जागीं असतें. या दुसऱ्या खेळांत मनुष्य धांवत असतो. तीन बाजूंनीं मातीचे उंच बांध घातलेलें एक मैदान. त्यांत लांकडी भिंती, खिडक्या, दारें. त्यांच्या आडून तपकिरी पुठ्ठ्याचीं लक्ष्यें डोकावतात, कांहीं लोखंडी तबकड्या उभ्या असतात. मधूनमधून पांढरें लक्ष्य असतें. त्यास गोळी लागली तर दहा गुण वजा. शिट्टीसारखा एक आवाज होतो आणि त्या क्षणापासून घड्याळ चालूं लागतें. तें घड्याळ प्रत्येक बाराचा आवाज ऐकून सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ टिपतें.

पुठ्ठ्याच्या मधल्या पट्ट्यांत गोळी लागली तर पांच गुण, त्याबाहेर कमी. एकूण गुणांस लागलेल्या सेकंदांनीं भागावयाचें आणि जो भागाकार येईल त्यावर क्रम लावावयाचा. समजा, बत्तीस गोळ्यांचा डाव आहे. एकानें सर्व गोळ्या मधोमध मारून १६० गुण मिळविले, परंतु वेळ घेतला २० सेकंद, भागाकार ८. दुसऱ्यानें दहा गुण गमावले, पण १८ सेकंदांतच डाव संपविला. त्याचा भागाकार ८.३३. दुसरा जिंकला! आम्हां जुन्या शिक्षकांस हें प्रथम पटलें नाहीं. द्रोणाचार्यांनीं अर्जुनाची परीक्षा घेतली तेव्हां पक्ष्याच्या डोळ्याखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं असें अर्जुन म्हणाला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण त्या वेळीं गुरुजींच्या हातीं घड्याळ नव्हतें. मात्र धनुर्धराच्या स्तुतींत व्यासांनीं 'लाघव' हा शब्द वारंवार योजला आहे आणि लघु म्हणजे हलका तसाच चपळहि, हें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें होतें. सांगितलेल्या शब्दाचा अर्थ उतारवयांत मातीच्या बांधावर उभें राहून कळावा, हा योग.

या खेळाचें मूळ दक्षिण कॅलिफोर्नियांत आहे. १९५० नंतरच्या दशकांत बिग बेअर या डोंगराळ गांवीं पिस्तूल चटकन् उपसून मारण्याच्या चढाओढी होत. बहुतेक लोक एका हातानें, कमरेपासूनच झाडीत; जॅक वीव्हर नांवाच्या एका पोलीस अधिकाऱ्यानें दोन्ही हातांनीं पिस्तूल धरून, डोळ्यासमोर आणून, नेम घेऊन मारण्यास आरंभ केला आणि तो जिंकूं लागला. ही गोष्ट जेफ कूपर (१९२०–२००६) या नौदल-सैनिकी सेवेंतील निवृत्त लेफ्टनंट कर्नलनें हेरली व तिचें शास्त्र बनविलें. १९७६ सालीं मिसूरी संस्थानांतील कोलंबिया येथें निरनिराळ्या देशांचे लोक जमून आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. तिचें बोधवाक्य तीन लॅटिन शब्दांचें आहे: डिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरिटास. सामान्यतः त्यांचा अर्थ अचूकपणा, बल आणि वेग असा देतात. लॅटिन आम्हांस फारसें येत नाहीं, परंतु कोश उघडून पाहिला तों पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ कसोशी, काळजी, अवधान असा निघाला. हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

अचूकपणा पुठ्ठ्यावर दिसतो, वेग घड्याळ सांगतें. बलाचें काय करावयाचें? हलकें काडतूस वापरलें तर हाताला धक्का कमी बसतो, नळीचें तोंड उसळत नाहीं, दुसरी गोळी झटकन् मारतां येते. मग सगळेच हलकीं काडतुसें वापरतील आणि ज्या जोरदार शस्त्राचा सराव व्हावा म्हणून कूपर यांनीं हा उद्योग मांडला तें शस्त्र मागें पडेल. म्हणून गोळीचें वजन गुणिलें तिचा वेग, असें माप ठरविलें. गोळीचें वजन ग्रेनांत, वेग सेकंदास किती फूट तो. गुणाकारास हजारानें भागावयाचें. अमेरिकेंतील संस्थेच्या नियमांप्रमाणें हा आंकडा १६५ भरला तर तो नेमबाज 'मेजर', आणि १२५ भरला तर 'मायनर'. मधल्या पट्ट्याचे पांच गुण दोघांसहि सारखेच. परंतु त्याबाहेरच्या भागांत मेजरला चार तर मायनरला तीन, आणि अगदीं कडेला मेजरला दोन तर मायनरला एक. जोर अधिक सोसणाराच्या चुकीला थोडी क्षमा, असा हा न्याय आहे. पूर्वीं हें माप एका लोंबत्या वजनावर गोळी झाडून तें किती झोंका घेतें यावरून काढीत. ती युक्ति बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्यानें १७४२ सालच्या आपल्या ग्रंथांत वर्णिली आहे. हल्लीं क्रोनोग्राफ नांवाचें यंत्र गोळीचा वेग थेट सांगतें.

आतां एक गंमत सांगतों. भाचा जी गोळी वापरतो ती १८० ग्रेनांची. ग्रेन म्हणजे किती, हें त्यानें आम्हांस समजावून सांगावें असें त्याच्या मनांत होतें; पण लहानपणीं सोनाराच्या पेढीवर वडिलांबरोबर बसलेल्या मनुष्यास तें सांगावें लागत नाहीं. ब्रिटिश अमदानींतला आपला तोळा तंतोतंत १८० ग्रेनांचा होता. म्हणजे गोळी बरोबर एक तोळा! आणि शहाण्णव गुंजांचा तोळा धरला तर तिला ढकलणारी दारू दोन-तीन गुंजा. हा हिशेब ऐकून तो इतका हंसला कीं त्या दिवसापासून आम्हां दोघांत ग्रेन हा शब्दच बंद झाला.

ही तोळाभर गोळी सेकंदास ९१७ फूट वेगानें गेली तर गुणाकार १६५.०६ येतो, ९१६ फूट गेली तर १६४.८८. एका फुटाचा फरक आणि मेजरचा मायनर! मोठ्या सामन्यांत अधिकारी प्रत्येकाकडून आठ काडतुसें मागून घेतात, एकांतील गोळी उपसून तोलतात, तीन झाडून वेगाची सरासरी काढतात. उणें भरलें तर आणखी तीन झाडून सहांपैकीं उत्तम तीन धरतात. तरीहि उणें, तर सबंध सामन्याचे गुण मायनरच्या दरानें. दोन वर्षांपूर्वीं भाच्याची सरासरी नेमकी ९१६ आली होती. धक्का जितका कमी होईल तितका बरा म्हणून त्यानें दारू अगदीं रेषेला टेकवून भरली होती आणि त्या दिवशीं सकाळीं थंडी होती. थंडीनें दारूचा जोर किंचित् कमी होतो, हें त्याला ठाऊक होतें, पण लोभ. परीक्षेंत पस्तीस गुणांवर बेत आंखून चौतीस मिळविणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यानंतर तो १६८ च्या खालीं उतरत नाहीं.

येथें घरीं काडतूस भरण्याचें प्रयोजन स्पष्ट होतें. दुकानीं मिळणारें काडतूस सर्वांसाठीं केलेलें असतें. यांना आपल्या पिस्तुलाला, आपल्या हाताला आणि त्या १६५ च्या आंकड्याला साजेसें हवें असतें. शिवाय महिन्याला हजार-दोन हजार बार सरावांत उडतात, तेव्हां स्वस्तहि पडतें. बार उडाल्यावर पितळेची पुंगळी शिल्लक राहते. ती पुनः पुनः वापरतां येते. तिच्या बुडाची जळालेली टोपी काढावयाची, फुगलेली पुंगळी साच्यांत दाबून पूर्ववत् करावयाची, नवी टोपी बसवावयाची, दारू मापून घालावयाची, वर गोळी बसवून तोंड आवळावयाचें. यासाठीं एक दांडीचें यंत्र असतें. गोल तबकडीवर चार-पांच घरें, प्रत्येक घरांत एक पुंगळी, आणि दांडी एकदां ओढली कीं प्रत्येक घरांत आपापलें काम होतें. त्याच अॅरिझोना संस्थानांतील स्कॉट्सडेल येथील डिलन यांच्या कारखान्यानें अशीं यंत्रें सामान्य नेमबाजांच्या घरोघरीं नेलीं.

गोळी जड कां आणि दारू थोडी कां, याचेंहि उत्तर मजेदार आहे. हाताला बसणारा धक्का केवळ गोळीचा नसतो. जळालेल्या दारूचा वायुहि त्याच तोंडानें वेगानें बाहेर पडतो व त्याचा उलट धक्का हाताला बसतो. गोळी जड घेतली तर १६५ गांठण्यास वेग कमी लागतो, दारू कमी लागते, वायु कमी, म्हणून धक्का मऊ. परंतु ज्या वर्गांत नळीच्या तोंडाशीं कॉम्पेन्सेटर लावण्याची मुभा आहे, तेथें सगळा हिशेब उलटतो. कॉम्पेन्सेटर म्हणजे वरच्या अंगास भोंकें असलेली एक जोडनळी. वायु त्या भोंकांतून वर सुटतो आणि तोंडाला खालीं दाबतो. तेथें वायु जितका जास्त तितकें बरें. म्हणून ते लोक हलकी गोळी आणि भरपूर दारू वापरतात. १९८० नंतर रॉब लेदम, ब्रायन एनोस प्रभृतींनीं ही वाट रूढ केली; त्यासाठीं १९२९ सालचें, विस्मृतींत गेलेलें .३८ सुपर हें काडतूस पुन्हां वर आलें. त्यांनीं वीव्हरची उभें राहण्याची ढबहि टाकून दिली. आपण मांडलेल्या लढाऊ सरावाची ही अशी शर्यत झालेली पाहून कूपर शेवटपर्यंत कुरकुरत राहिले. आम्हांस त्यांच्याविषयीं थोडी सहानुभूति वाटते. आम्हींहि वक्तृत्वस्पर्धा सुरू केली ती मुलांनीं विचार करावा म्हणून, आणि दोन वर्षांत मुलें केवळ घंटा वाजण्यापूर्वीं संपविण्याची कला शिकलीं.

पिस्तुलाच्या जुळणीविषयीं थोडक्यांतच सांगतों. मूळ रचना जॉन ब्राउनिंग या युटाच्या कारागिराची. अमेरिकेच्या सैन्यानें ती १९११ सालीं स्वीकारली आणि भाच्याचें पिस्तूल तिच्याच वंशांतलें आहे. सैनिकी पिस्तुलाचा चाप ओढण्यास पांच-सहा पौंडांचा जोर लागतो; शर्यतीच्या पिस्तुलाचा चाप सुमारें दोन पौंडांवर आणतात. घोड्यास अडवून धरणारा एक चिमुकला पोलादी अडसर असतो. घोडा व अडसर ज्या कडांवर एकमेकांना भेटतात त्या कडा घासून, त्यांचे कोन साधून ही हलकी ओढ मिळवितात. केंसभर अधिक घासलें तर घोडा धरून राहत नाहीं, आणि एका दाबांत दोन बार उडतात. म्हणून भाचा हें काम स्वतः करीत नाहीं, जाणत्या कारागिराकडे देतो. कमान मात्र तो स्वतः बदलतो. ती जड झाली तर वरची सरकती स्लाईड मिटतांना तोंड खालीं डुबकी घेतें. फार हलकी झाली तर स्लाईड मागें आपटते. दारू थोडी बदलली कीं कमान बदलावी लागते. तंबोऱ्याची तार आणि जवारी यांचा जो संबंध, तोच हा.

हें सर्व वाचून कोणा तरुणास हुरूप येईल, त्यास स्पष्ट सांगतों कीं अमेरिकेंत स्वतःच्या उपयोगासाठीं काडतूस भरण्यास मध्यवर्ती सरकारचा परवाना लागत नसला, तरी आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें गुन्हा आहे. आणि आम्हांसारख्या पाहुण्या परकीयास, कांहीं अपवाद सोडले तर, तेथें शस्त्र वा काडतूस बाळगण्याची बंदी आहे. म्हणून भाच्यानें पहिल्याच दिवशीं बजाविलें, "मामा, डोळ्यांनीं पाहा, हात लावूं नका." दोन महिने आम्ही गॅरेजमध्यें एका स्टुलावर हात मागें बांधून बसत असूं.

त्या खोलीची शिस्त पाहून आमचा उपदेश जिरत चालला होता, हें कबूल केलें पाहिजे. पिस्तूल लोखंडी कपाटांत कुलुपबंद. दारूचे डबे निराळ्या जागीं. मुलें झोंपल्याशिवाय खोली उघडावयाची नाहीं. मेजावर एका वेळीं एकाच जातीच्या दारूचा डबा, म्हणजे अदलाबदल होणें नको. प्रत्येक पेटीवर भरल्याची तारीख. दर पन्नास काडतुसांमागें एकदां दारू तोलून पाहावयाची. भिंतीवर त्याच्या हातचा एक कागद होता. त्यावर शेवटचें कलम असें: 'मध्येंच उठावें लागलें तर तबकडीवरील सर्व पुंगळ्या काढून टाक. पुन्हां आरंभापासून.' कारण विचारतां तो म्हणाला, त्याच्या यंत्रांतील तबकडी हातानें फिरवावी लागते. मध्यें उठून परत आलें तर आपण कोठें होतों हें नेमकें आठवत नाहीं. एखाद्या पुंगळींत दारू दोनदां पडते किंवा मुळींच पडत नाहीं. माप इतकें लहान कीं दुप्पट दारूहि पुंगळींत मावून जाते आणि वरून कांहीं कळत नाहीं.

संकष्टीचा दिवस होता. ताईचा व आमचा उपवास. चंद्रोदय झाला, सुनेनें पानें वाढलीं, आणि भाचा आंत यंत्रावर. आम्हीं हाक मारिली. "मामा, पांचच मिनिटें," असें उत्तर आलें. आम्हांस भूक लागली होती; शिवाय ताई आमच्याकडे पाहत होती. आम्हीं पुन्हां हाक मारिली, ती मात्र वर्गांतल्या आवाजांत. तो तत्काळ उठून आला. जेवण झालें, मोदकांची स्तुति झाली, मग तो पुन्हां आंत गेला.

त्यानंतर दुसऱ्या रविवारीं सामना होता. आम्ही कानांवर आवरणें घालून दोरीमागें उभे होतों. क्रोनोग्राफवर १६८ च्या पुढचाच आंकडा आला आणि तो खुषींत होता. पहिले दोन डाव उत्तम गेले. तिसऱ्यांत तो एका भिंतीच्या डावीकडून निघून खिडकीशीं आला, दोन गोळ्या, दोन गोळ्या, अशी लय चालली होती. आणि एकाएकीं मोठ्या आवाजाऐवजीं 'टप्' असा, कोणीं पाटावर बोट आपटावें तसा, आवाज झाला.

काडतूस अडकलें तर काय करावयाचें, याचा सराव हे लोक रिकाम्या पिस्तुलावर घरीं रोज करितात. डाव्या हातानें स्लाईड मागें ओढावयाची, अडलेलें फेंकून द्यावयाचें, पुढें चालूं लागावयाचें. पुरता एक सेकंदहि लागत नाहीं. अर्जुन अंधारांत जेवला तेव्हां हात बरोबर तोंडाशीं गेला, आणि त्यावरून त्यानें अंधारांत बाण मारण्याचा अभ्यास केला, अशी आदिपर्वांत कथा आहे. अभ्यासानें हात मनास न विचारतां काम करूं लागतो. परंतु 'टप्' आवाजाचा अर्थ काडतूस अडकलें असा नसतो. पुंगळींत दारूच नव्हती. केवळ टोपीच्या जोरानें गोळी निघाली आणि नळींतच राहिली. आतां हातानें आपलें शिकलेलें काम केलें, तर पुढली गोळी पूर्ण वेगानें त्या अडलेल्या गोळीवर जाऊन आदळावयाची, आणि नळी फुगावयाची किंवा हातांत फुटावयाची.

त्याचा डावा हात निघालेला आम्हीं पाहिला. तो स्लाईडपर्यंत गेला आणि तेथेंच थांबला. त्याच क्षणीं अधिकाऱ्यानेंहि 'स्टॉप' म्हणून ओरड केली. पिस्तूल मातीच्या बांधाकडे रोखलेलें, बोट चापापासून दूर. त्यानें मॅगझीन काढलें, स्लाईड उघडून दाखविली. मग नळींत एक काडी घातली ती अर्ध्यांतच अडली. नियमाप्रमाणें असा डाव पुन्हां मिळत नाहीं. जितका झाला तितकाच धरतात आणि न मारलेल्या लक्ष्यांचे गुण वजा होतात. पदरीं शून्य आलें. नळी साफ करून पुढले डाव खेळावयास कोणाची हरकत नव्हती. पण त्यानें आपण होऊन सांगितलें कीं या पेटींतल्या काडतुसांचा मला आतां भरंवसा नाहीं, आणि सामन्यांतून नांव काढून घेतलें.

परतीच्या वाटेवर मोटारींत कोणी बोललें नाहीं. ती पेटी आमच्या पायांशीं होती. तिच्यावरील तारीख आम्हीं वाचली. संकष्टीची होती.

त्याला तें अर्थातच आधीं समजलें होतें. तो बोलला नाहीं, कारण मामाला असें कसें म्हणावयाचें! आम्हींच विषय काढला, तेव्हां तो म्हणाला, "नाहीं मामा, चूक माझी. कागदावर मीच लिहिलें आहे. परत आल्यावर मीं पुंगळ्या काढल्या नाहींत; आठवतें आहे असें वाटलें." हें खरें होतें; पण आमची हाक दुसऱ्यांदा गेली नसती तर त्याला उठावें लागलें नसतें, हेंहि खरें होतें. घरीं आल्यावर ताईपुढें आम्हीं तें सांगून टाकलें. जें सांगण्याकरितां तिनें आम्हांस सात समुद्रांपलीकडून बोलाविलें होतें, त्याच्या अगदीं उलट बोलणें आमच्या तोंडून निघत होतें. ती बराच वेळ गप्प राहिली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "हाताला कांहीं झालें नाहीं ना?" आणि थोड्या वेळानें, "मग उरलेल्यांचें काय करायचें?"

उरलेलीं काडतुसें २८६ होतीं. दारू नसलेलें काडतूस वजनावरून ओळखतां येईल असें आम्हांस वाटलें होतें. पण निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या वजनांतच गुंज-दोन गुंजांचा फरक असतो, त्यांत दारूचें वजन बुडून जातें. दुप्पट दारू पडलेलें एखादें आंत असेल तर तें अधिकच वाईट. तेव्हां सर्वच उपसणें भाग होतें. त्यासाठीं हातोडीसारखें एक पोकळ साधन असतें. त्यांत काडतूस अडकवून ओंड्यावर ठोकलें कीं गोळी सुटून येते. एकेकास तीन-चार ठोके.

त्या रात्रीं ताईनें त्या खोलींत पहिल्यानेंच पाऊल टाकलें. ती तेथली कायमची रहिवासी, तिला आमच्यासारखी बंदी नाहीं. तो ठोकी, आणि ती परातींत गोळ्या एकीकडे, पुंगळ्या दुसरीकडे, तांदूळ निवडावे तशी वेगळाले करी. प्रत्येक पुंगळींतली दारू तो तोलून वहींत मांडी. आम्ही आपले स्टुलावर. ज्याच्यामुळें हें काम निघालें त्याला त्यांत बोट लावण्याची मुभा नव्हती. तीन रात्रीं लागल्या. एकांतहि दोष निघाला नाहीं. दारू सगळ्यांत होती आणि जेवढ्यास तेवढी. चौथ्या दिवशीं सकाळीं ताईनें दोन्ही नातवंडांना बजाविलें कीं बाबाच्या त्या खोलींतला दिवा लागलेला असेल तर कोणीं हाक मारायची नाहीं, आजी मारणार नाहीं आणि मामाआजोबाहि मारणार नाहींत.

उपसलेली दारू पुन्हां वापरावयाची नाहीं असा त्याचा नियम आहे. ती त्यानें अंगणांतल्या लिंबाच्या झाडाभोंवतीं पातळ पसरून वर पाणी घातलें; तींत नत्र असल्यानें खतासारखी उपयोगीं पडते म्हणे. तुळशीच्या कुंडीकडे मात्र ताईनें त्याला जाऊं दिलें नाहीं.